डिझेल गाडीची पीयूसी: नापासाची स्लिप फेकू नका, आधी नीट वाचा

वाचकाचं पत्र

नमस्कार. माझ्याकडे २०१३ ची डिझेल बोलेरो आहे, पासिंग एमएच-२९. वावरात जाणं-येणं, भाजी तालुक्याला नेणं आणि लग्नसराईत पाहुणे आणणं, एवढाच तिचा वापर. तीन वर्षं पीयूसी काढलीच नव्हती. गावात सगळे सांगतात की डिझेल गाडीला ती लागत नाही, मशीन फक्त पेट्रोलचा गॅस मोजते. पुतण्या अमेरिकेत टेक्सासला असतो, तोही म्हणाला की तिकडे डिझेलला तपासणी नाही. परवा चेकिंगमध्ये अडवलं, म्हणून घाईघाईने तालुक्याच्या केंद्रावर गेलो, तर गाडी नापास झाली. स्लिपवर ३.९, ३.४, ३.०, २.८ असे आकडे आहेत आणि तेलाचं तापमान ४८ लिहिलं आहे. तिथला पोरगा म्हणे, वरचे पैसे द्या, पास करून देतो. गावातला मिस्त्री म्हणतो पंप आणि चारही नोझल उतरवावे लागतील, वीस-पंचवीस हजारांचं काम आहे. घरचे म्हणतात दहा वर्षांवरची डिझेल गाडी आता भंगारातच जाणार, तिच्यावर खर्च कशाला? काय करावं? माझ्या साळ्याने २०२२ ची डिझेल गाडी घेतली आहे, तिलाही हे लागते का?
– एक कास्तकार, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: लागते. तुमच्या बोलेरोलाही आणि साळ्याच्या गाडीलाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११५ पेट्रोल, सीएनजी, डिझेल सगळ्यांना लागू आहे. पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष सूट, त्यानंतर वैध पीयूसी असलीच पाहिजे. पुतण्या खोटं बोलला नाही, पण त्याने सांगितलं ते तिथलं. टेक्सासमध्ये डिझेल गाड्यांना उत्सर्जन तपासणीतून सूट आहे. त्याच देशात कॅलिफोर्नियात १९९८ आणि त्यानंतरच्या डिझेल गाड्यांना तपासणी करावीच लागते. यवतमाळच्या रस्त्यावर यातलं काहीच लागू नाही.

गावातल्या समजुतीत मात्र अर्धं खरं आहे. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. डिझेल इंजिन नेहमी गरजेपेक्षा जास्त हवा ओढतं, त्यामुळे हे दोन वायू त्यात मुळातच कमी निघतात. त्याचा दोष काजळीत आहे. म्हणून डिझेलला वेगळं यंत्र लागतं, त्याला स्मोक मीटर म्हणतात. पेट्रोलचीच मान्यता आणि पेट्रोलचंच यंत्र असलेलं केंद्र डिझेल गाडी परत पाठवतं, आणि बहुतेक त्यातूनच 'डिझेलला लागत नाही' हे पसरलं असावं. घरून निघण्याआधी फोन करून विचारा: डिझेलचं मशीन आहे का, आणि आज चालू आहे का?

दुसरी गोष्ट मुदतीची. पीयूसी वर्षभर चालते असं बहुतेकांना वाटतं. बीएस (भारत स्टेज, म्हणजे गाडीच्या धुराच्या सरकारी नियमांचे टप्पे) पाहा: बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना ती १२ महिने चालते. त्याआधीच्या गाड्यांना फक्त ६ महिने. तुमची गाडी कोणती हे वर्षावरून ठरवू नका, आरसीवर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये 'एमिशन नॉर्म्स'ची ओळ पाहा. बीएस-४ हा नियम २०१० मध्ये आधी मोजक्या शहरांत आला, त्यात आपल्या राज्यातली मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. सगळ्या देशात तो १ एप्रिल २०१७ पासून लागला. म्हणून २०१३ मध्ये यवतमाळला पासिंग झालेली गाडी बहुधा बीएस-३ निघेल. पण तेच मॉडेल, त्याच साली पुण्यात विकलेलं असेल, तर ते बीएस-४ असतं, आणि तिथे मर्यादा निराळी. सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

मर्यादा अशा आहेत. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला २.४५, बीएस-४ ला १.६२, बीएस-६ ला ०.७. हा आकडा धूर किती दाट आहे ते सांगतो. स्मोक मीटरच्या ४३ सेंटिमीटर लांबीच्या नळीत धूर भरतात, एका टोकाने उजेड सोडतात आणि दुसऱ्या टोकाला किती पोचला ते मोजतात. जुन्या पद्धतीत हेच हार्ट्रिज युनिटमध्ये सांगतात: २.४५ म्हणजे ६५ युनिट, म्हणजे शंभरातला पासष्ट भाग उजेड धुराने अडवला. १.६२ म्हणजे ५०, अर्धा उजेड अडला. ०.७ म्हणजे सव्वीसच्या आसपास.

आता तुमची स्लिप. ही स्लिप मिस्त्रीच्या अंदाजापेक्षा जास्त सांगते, तेव्हा ती जपून ठेवा.

तुमची सरासरी ३.२८ येते, म्हणजे बीएस-३ ची मर्यादाही ओलांडली आहे. नापास बरोबर. पण दोन गोष्टी पाहा. एक, तेलाचं, म्हणजे इंजिन ऑइलचं, तापमान ४८ अंश. डिझेलची चाचणी तेल किमान ६० अंश गरम झाल्यावरच घ्यायची असते. थंड इंजिनात सिलिंडरच्या भिंती थंड असतात, डिझेलचे थेंब पूर्ण जळत नाहीत आणि धूर वाढतो. म्हणजे तुमची चाचणीच वेळेआधी घेतली गेली. दुसरी, आकडे सतत उतरत आहेत: ३.९, ३.४, ३.०, २.८. चाचणीत चार लागोपाठ रीडिंग एकमेकांच्या जवळ यावी लागतात आणि ती अशी उतरती मांडणी नसावी, असा नियम आहे. उतरती रीडिंग म्हणजे सायलेन्सरमध्ये आधीच साचलेली काजळी प्रत्येक दाबासरशी बाहेर पडते आहे. तेव्हा मोजला गेला तो धूर फक्त त्या क्षणाचा नव्हता, त्यात मागचाही मिसळला होता.

ओळखायची खूण लक्षात ठेवा. आकडे उतरत असतील तर साचलेली काजळी. चारही आकडे एकाच जागी ठाण मांडून बसले असतील, म्हणजे ३.५, ३.४, ३.५, ३.५ असे, तर इंजिनात खरा दोष आहे. आणि आकडे उड्या मारत असतील, २.१, मग ३.६, मग २.४, तर नळी सायलेन्सरमध्ये नीट बसली नाही, मधे कुठे गळती आहे, किंवा ॲक्सिलेटर दर वेळी वेगळा दाबला गेला.

तुमच्या आकड्यांत पहिला प्रकार दिसतो आणि थोडा दुसराही असावा, कारण शेवटचा २.८ अजून मर्यादेवर आहे. म्हणून आमचं मत असं: पंप-नोझल उतरवायचं नाव आत्ता काढू नका. ते काम शेवटचं आहे.

तुमची गाडी घर ते वावर, दोन-तीन किलोमीटर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चालते. अशा चालण्यात इंजिन कधी पुरतं तापतच नाही आणि सायलेन्सर काजळीने आतून लिंपला जातो. त्यात धूळ. उन्हाळ्यात पांदण रस्त्याची काळी भुकटी, दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांमागची धूळ आणि रुईचे तंतू, तूर-सोयाबीन निघताना उडणारं कुटार. हे सगळं एअर फिल्टरमध्ये जातं. हवा कमी आणि डिझेल तेवढंच, की धूर काळा. काळ्या धुराच्या तक्रारीत सगळ्यात आधी पाहायची जागा हीच, आणि गावाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं तेही इथेच.

फिल्टरचा डबा उघडा, कागदी फिल्टर बाहेर काढा, आतल्या बाजूने टॉर्च लावा. उजेड कागदातून बाहेर दिसत नसेल तर फिल्टर बाद. धूळ थोडीच असेल तर हवेने साफ करता येतो, पण आतून बाहेर फुंकायचा, बाहेरून आत नाही, आणि हवेचा दाब ३० पीएसआयच्या वर नको. पंक्चरवाल्याकडे टाकीत शंभराच्या वर दाब असतो. तो थेट मारला की कागदाला डोळ्याला न दिसणारी छिद्रं पडतात. मग फिल्टर स्वच्छ दिसतो, धूर कमी होतो, आणि धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा घासते. दोन हंगामांत इंजिन तेल जाळू लागतं. कागदी फिल्टर पाण्याने धुवायचा नाही. डब्याचं झाकण बसवताना रबरी सील पिळलं गेलेलं नाही ना, क्लिपा सगळ्या बसल्या ना, ते बघा. कंपनीच्या पुस्तकात फिल्टर बदलायचे जे किलोमीटर दिले आहेत, ते धुळीच्या रस्त्यावर निम्मे धरा.

मग फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा आणि टर्बोपासून इंजिनपर्यंतचा रबरी होस. होसला चिरा, सैल क्लॅम्प, जोडाजवळ तेलाचा ओलसर डाग, ॲक्सिलेटर दिल्यावर 'सूं' असा आवाज, यातलं काही असेल तर टर्बोने दाबलेली हवा वाटेत गळते आहे. साबणाचं पाणी लावून इंजिन रेस करा, बुडबुडे आले की जागा सापडली. गाडी चढावर दम तोडते आणि त्याच वेळी काळा धूर फेकते, अशी तक्रार असेल तर हा होस पहिला संशयित. क्लॅम्प ही किरकोळ वस्तू आहे, पण तिच्यापायी लोकांनी टर्बो बदललेले आहेत.

तिसरं, डिझेल. गावात कॅनमधून, ड्रममधून घेतलेलं, किंवा बायोडिझेल म्हणून पंपापेक्षा स्वस्त मिळणारं काहीही गाडीत घालत असाल तर आजच बंद करा. रॉकेल मिसळलेल्या डिझेलमध्ये वंगणपणा कमी असतो; कॉमन रेल गाडीचा (जिथे एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाने डिझेल मिळतं) हाय-प्रेशर पंप आणि इंजेक्टर, म्हणजे मिस्त्री ज्याला नोझल म्हणतो ते, डिझेलच्याच वंगणावर चालतात, ते घासले गेले की मग खरंच मोठा खर्च येतो. डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढा. तळाशी पाणी किंवा शेवाळासारखा गाळ दिसला तर फिल्टर बदला. पावसाळ्यानंतर हे एकदा करावंच.

चौथं, ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे जळालेला थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप, तुमच्या गाडीत असेल तर. तो काजळीने उघडाच अडकला की जळालेला धूर नको तेव्हा परत सिलिंडरमध्ये येतो आणि काळा धूर वाढतो. काढून क्लीनरने साफ करता येतो. काही मिस्त्री त्याला पत्रा लावून बंद करून देतात. तसं करू नका. काळा धूर कमी दिसतो, पण नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि पीयूसीत मोजलेही जात नाहीत. छातीत मात्र जातात.

इथवरचं सगळं काम मिस्त्रीच्या अर्ध्या दिवसाचं आहे. हे करून, पुढे सांगितल्याप्रमाणे गाडी तापवून पुन्हा तपासा. त्यानंतरही चारही आकडे मर्यादेच्या वर एकाच जागी बसले, तरच इंजेक्टरकडे वळा. आणि तेव्हाही चारही एकदम नको. कॉमन रेल गाडीत रिटर्नची चाचणी असते: चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन काही मिनिटं चालवायचं आणि पातळी पाहायची. एक बाटली बाकीच्यांपेक्षा उघड जास्त भरली, तर दोष त्या इंजेक्टरमध्ये. तेवढाच उतरवून यवतमाळ, अमरावती किंवा अकोल्याला टेस्ट बेंच असलेल्या पंप-नोझलवाल्याकडे न्या आणि चाचणीचा कागद मागून घ्या. परत बसवताना तांब्याचा वॉशर नवाच टाकायचा. जुना वापरला की कॉम्प्रेशन तिथून गळतं आणि इंजेक्टर काजळीत जाम होतो. मिस्त्री चाचणीचं नाव न काढता 'चारही बदला' म्हणत असेल, तर तो अंदाजावर तुमचे पैसे लावतो आहे.

जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या गाडीवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी. तिथे पुष्कळदा पंपाच्या डिझेल वाढवायच्या स्क्रूचं सील तोडून तो फिरवलेला असतो, ट्रॉली ओढताना पिकअप यावा म्हणून. इंजिनाला मिळते तेवढ्या हवेत ते जास्तीचं डिझेल जळतच नाही, धूर होऊन निघून जातं. सील तुटलेलं दिसलं तर पंप बेंचवर लावून कंपनीच्या मापाला आणावा लागतो. पीयूसीच्या आदल्या दिवशी स्क्रू बंद करायचा आणि दुसऱ्या दिवशी उघडायचा, हा उद्योग करू नये.

धुराचा रंगही सांगतो. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय: रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचं सील. सकाळी सुरू करताना पांढरा धूर येऊन दोन मिनिटांत गेला तर चिंता नाही. गरम झाल्यावरही पांढरा राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट पाहा. मीटरला रंग कळत नाही, उजेड अडला की आकडा वाढतो.

आता चाचणीच्या दिवसाचं. उन्हाळ्यात सकाळी लवकर जा. ४५ अंशांच्या उन्हात हवा विरळ असते, इंजिनला प्राणवायू कमी मिळतो आणि धूर थोडा वाढतोच. निघण्याआधी इंजिन ऑइल दांडीवरच्या दोन खुणांच्या मधे आहे का पाहा, वर असेल तरी धूर वाढतो. रेडिएटरचं पाणी पाहा. गाडीत टायमिंग बेल्ट असेल आणि तो बदलायची वेळ उलटून गेली असेल, तर आधी बेल्ट बदला, मग चाचणी. कारण चाचणीत इंजिन रिकाम्या गिअरवर कमाल फेऱ्यांपर्यंत वारंवार नेतात. जीर्ण बेल्ट तिथे तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

केंद्रावर जाताना किमान २०-२५ किलोमीटर डांबरी रस्त्याने गाडी चालवत न्या, शेवटचे काही किलोमीटर एक गिअर खालचा ठेवून, फेऱ्या जास्त ठेवून. सायलेन्सर तापला की साचलेली काजळी जळते आणि उडून जाते. केंद्रावर रांग असेल तर अर्धा तास गाडी न्यूट्रलला चालू ठेवू नका, तेवढ्यात काजळी परत बसते. नंबर जवळ आला की सुरू करा. एसी बंद. चालकाने आधी तीन-चार वेळा ॲक्सिलेटर पूर्ण दाबून सायलेन्सर मोकळा करायचा असतो, रीडिंग त्यानंतर. दाबायचा कसा, तर एका दमात, झटकन, पण लाथ मारल्यासारखा नाही. कमाल फेऱ्या गाठल्या की सोडायचा, इंजिन आयडलला येऊ द्यायचं, मग पुढचा. तेलाच्या दांडीच्या जागी तापमानाचा सेन्सर घातला का, फेऱ्यांचा सेन्सर लावला का, ते उभं राहून पाहा. हा तुमचा हक्क आहे. मागच्या वेळी तापमान ४८ असताना चाचणी झाली, हे नम्रपणे दाखवायला जुनी स्लिप सोबत न्या.

नंबरप्लेट पुसून न्या, तिचा फोटो ऑनलाइन प्रणालीत जातो. मोबाइल नंबर स्वतःचा द्या, संदेश त्यावरच येतो. महाराष्ट्रात २०२२ मध्ये दर वाढले तेव्हा डिझेल गाडीचे १५० रुपये ठरले होते. केंद्रातल्या दरफलकावर काय लिहिलं आहे ते पाहून तेवढेच द्या आणि पावती घ्या.

त्या पोराला वरचे पैसे देऊ नका. २०२१ पासून पीयूसी देशभर एकाच नमुन्यात, क्यूआर कोडसह मिळते आणि नोंद केंद्रीय प्रणालीत जाते. असा कागद घेतला तरी सुरक्षित झालात असं नाही: वैध पीयूसी हातात असली तरी गाडी काळा धूर फेकताना दिसली, तर फौजदार दर्जाचा पोलिस अधिकारी किंवा मोटार वाहन निरीक्षक तुम्हाला गाडी पुन्हा तपासून आणायला सांगू शकतो. आणि त्या पैशाने धूर तर तसाच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या गटात टाकला. तुमच्या गाडीचा धूर रस्त्याने जाणाऱ्या शाळेच्या पोरांच्या नाकातोंडात जातो. गोठ्याला लागून बंद शेडमध्ये गाडी उभी करत असाल तर ती आत सुरू ठेवून तापवू नका, बाहेर काढा आणि मग तापवा.

पीयूसी नसण्याचा दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आहे: १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि परवाना ३ महिन्यांसाठी अपात्र. जागेवरच्या तडजोडीची रक्कम त्यापेक्षा कमी असते, पण दर सहा महिन्यांच्या दीडशे रुपयांशी तिची तुलनाच नाही. विम्याबद्दल गावात जे बोललं जातं तेही निस्तरू. पीयूसीशिवाय विम्याचं नूतनीकरण करू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश १० ऑगस्ट २०१७ चा होता. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने ती अट काढली. विमा त्यामुळे अडणार नाही, पीयूसीची सक्ती मात्र जशीच्या तशी आहे.

घरच्यांना सांगा, दहा वर्षांची डिझेलबंदी दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी आहे. विदर्भात ती नाही. तुमच्या गाडीची नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे २०२८ पर्यंत आहे. त्यानंतर तंदुरुस्ती तपासून, पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. तेव्हा फिल्टर, होस, क्लॅम्प यांवर खर्च करणं वाया नाही. आधी दोन गोष्टी करा: फिल्टर आणि इंजिन पुरतं तापवणारी लांबची रपेट. तुमचे आकडे पाहता तेवढ्यात गाडी २.४५ च्या खाली येण्याची चांगली शक्यता आहे.

साळ्याच्या गाडीचं वेगळं. २०२२ ची म्हणजे बीएस-६. पहिल्या वर्षानंतर दर १२ महिन्यांनी पीयूसी, मर्यादा ०.७. या गाड्यांत सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ नावाची काजळीची गाळणी असते. गाडी गावातल्या गावात फिरली की ती भरते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा लागला की दारव्हा-यवतमाळसारख्या मोकळ्या रस्त्यावर १५-२० मिनिटं ६० च्या वर सलग चालवायची, मधे बंद करायची नाही; आत तापमान सहाशे अंशांच्या आसपास जाऊन काजळी जळते. म्हणूनच त्यानंतर लगेच गाडी वाळल्या गवतावर, कुटाराच्या ढिगाजवळ किंवा पऱ्हाटीवर उभी करू नका, आग लागते. कुणी डीपीएफ आतून पोकळ करून देतो म्हणाला तर नाही म्हणा, अशी गाडी ०.७ मध्ये बसणं अवघड. तेलही पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच, कमी राखेचं टाका. साध्या तेलाची राख जळत नाही, गाळणीत कायमची बसते.

आणि त्याच्या गाडीला धूर साफ करणाऱ्या डीईएफ नावाच्या द्रावणाची, निळ्या झाकणाची वेगळी टाकी असेल, तर त्यात वावरातल्या युरियाचं पाणी कधीही घालू नका. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि क्षार काढलेलं पाणी. शेतीच्या युरियाला २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे. तो लेप आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार पंप, नोझल आणि पुढचा कॅटालिस्ट चोंदवतात. डीईएफ सीलबंद डब्यातलंच घ्या, डब्यावरची तारीख पाहा आणि डबा उन्हात ठेवू नका.